फोन न उचलणारे रामटेकेभाऊ

घुग्घुसच्या बाजारात मोबाइलचं दुकान चालवणारा माणूस स्वतःचा फोन उचलत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कुणावरच विश्वास ठेवला नसता. हातात मोबाइल कोकलतोय, आणि आमचे रामटेकेभाऊ दूध उतू जातं का पाहावं तसे त्याच्याकडे पाहत उभे!

"काऊन उचलत नाई, भाऊ?" खाणीतली पाळी संपवून आलेलं गिऱ्हाईक विचारायचं.

"वाजू द्या."

ते विकायचे ते सिमही अजबच. "आपल्या कंपनीचा एक बी टावर नाई," ते अभिमानानं सांगायचे. "टावर दुसऱ्याचा, वायर दुसऱ्याची, गिऱ्हाईक आपलं!" मी हादरलो. स्वतःचं काहीच नसलेली कंपनी बिल मात्र स्वतःच्या नावानं पाठवते? हा उघडउघड दरोडा आहे, म्हटलं.

"तू बी तं भाड्याच्या घरात राहून राह्यला," भाऊ म्हणाले. "तुले कोणी दरोडेखोर म्हणते का?"

त्या कंपनीची खुबी अशी की घरचा फोन आणि खिशातला मोबाइल, दोन्हींना नंबर एकच. दोन्ही एकदम वाजतात. एकानं उचलला की दुसरा गप्प. भाऊंच्या घरी तो त्यांची बायको, इंदूबाई उचलायच्या. रिचार्जचे भाव अख्ख्या गावाला त्याच सांगायच्या.

एकदा चंद्रपूरहून कंपनीचे साहेब आले. भाऊंसमोर उभं राहून त्यांनी नंबर लावला. भाऊ ढिम्म. थोड्या वेळानं मोबाइल गप्प झाला आणि साहेबांच्या कानात इंदूबाई बोलू लागल्या. साहेब लालबुंद. "एजन्सी तुमची की बाईंची? घरचं कनेक्शन काढून टाका, नाहीतर एजन्सी सोडा!"

"एजन्सी घेऊन जा साहेब," भाऊ शांतपणे म्हणाले. "घरचा फोन राहू द्या."

साहेब गेले. मी भडकलो. "डोकं फिरलं का, भाऊ? एक बटण तं दाबाचं होतं!"

भाऊ काउंटरवरची कोळशाची धूळ पुसत राहिले. "पोरगी गेली तवापासून तिची माय बोलत नाई. माह्यासंग नाई, तिच्या बहिणीसंग नाई. लोकं समजूत घालाले येतेत, ती भिताडाकडे तोंड करते. फोनवरच्या माणसाले आमचं काई ठाऊक नसते. तो रिचार्ज इचारते अन् ती बोलते." फडकं थांबलं. "मी उचलला तं ती कोणासंग बोलन?"

पोरगी वारल्याचं मला माहीत होतं. बाकीचं नव्हतं.

एजन्सी गेली. भाऊ आता नुसते चार्जर आणि कव्हर विकतात. रिचार्ज विचारायला त्यांच्या घरी फोन कोण करणार? परवा त्यांच्याच दुकानात बसून, काहीतरी विचारू म्हणून, मी तो नंबर लावला.

व्यस्त.

पुन्हा लावला. व्यस्तच. आणि भाऊ तर मोबाइल काउंटरवर ठेवून, माझ्यासमोर बसून गिऱ्हाइकाला कव्हर घालून देत होते.