पुंगळीवरची काजळी

संपतराव जमादार पहिल्यांदा माझ्या घरी आले ते सरळ चुलीपाशी गेले. चहाच्या भांड्याच्या बुडाला बोट लावलं, काजळी अंगठ्यानं चोळून पाहिली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "लाकूड ओलं हाय, बाई." नमस्कार त्यानंतर केला.

एकोणीसशे त्रेपन्न-चोपन्नचा सुमार. मी चांदा जिल्ह्यातल्या एका जंगलातल्या पोलीस ठाण्यात कारकून होतो. हत्यारांची कोठी जमादारांकडे होती. झाडलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी पुंगळी त्यांच्याकडे परत करावी लागे. चांदमारीच्या दिवशी कुणाचा नेम लागला यावर शिपाई भांडत, आणि जमादार जमिनीवर बसून पुंगळ्या हुंगत. कोणी शिकारीच्या बढाया मारू लागला की ते एवढंच म्हणत, "पुंगळी आना."

मला त्यांनी हे शास्त्र न विचारता शिकवलं. "दारू कोरडी असली तं पुंगळी फुगून घट्ट बसते, काजळी तोंडाशीच राह्यते. ओली असली तं धूर मांगं येते, पुंगळी बुडापर्यंत काळी करते." मी मान डोलवायचो. कारकुनाला दुसरं काय येतं!

त्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचणाऱ्यांवर अस्वल आलं. आमच्या नव्या, पोरसवदा फौजदारानं दहा पावलांवरून रिव्हॉल्व्हरच्या दोन गोळ्या झाडल्या. अस्वलाला ओरखडा नाही, आणि त्याच्या तावडीत एका म्हाताऱ्याचा हात मात्र गेला. गाव म्हणालं, फौजदार घाबरला, त्यानं हवेत बार काढले. चांद्याहून मोठे साहेब चौकशीला आले. फौजदाराची नोकरी जाणार हे ठरल्यासारखंच होतं. पोरगा दोन दिवस जेवला नव्हता.

जमादारांनी टेबलावर त्या दोन बारांच्या पुंगळ्या ठेवल्या. दोन्ही बुडापर्यंत काळ्या.

"फौजदाराचा नेम चुकला नाई, साहेब. दारूच ओली होती." मग त्यांनी त्याच पेटीतली गोळी अंगणात फळीवर झाडून दाखवली. गोळी फळीवर आपटली आणि खाली पडली. साहेबांनी ती उचलून चष्म्यातून बराच वेळ पाहिली.

"ओली कशी झाली?"

"मांगच्या पावसाळ्यात कोठी गळली. पेटी माया ताब्यात होती. मी ध्यान देल्लं नाई."

फौजदार सुटला. जमादारांचा साधा शिपाई झाला.

हा जबाब मीच लिहून घेतला, चांगल्या वळणदार अक्षरात. कोठी गळते असे जमादारांनी तीन अर्ज दिले होते. तिन्ही माझ्या खणात होते. पुढे पाठवायचे राहून गेले होते. जमादारांना ते ठाऊक होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते खाटेवर बसून बाहीवरच्या फिती उसवत होते.

"अर्जांचं का नाही सांगितलंत?"

"तुमच्या घरी चौघं खानारे हायेत, भाऊ." त्यांनी दोरा दातानं तोडला. "माया फिती गेल्या तं घरी इचारनारं कोन हाय?"

मला लाज वाटली, रडूच आलं. जमादार माझ्याहून जास्त ओशाळले. गडबडीनं उठून त्यांनी चहा केला. घरात पेला एकच होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला, आणि माझा चहा संपेपर्यंत समोर वाट पाहत बसले.