पारिसाअण्णांची चिनी शाई

रंकाळ्यावर लोक पहाटे हवा खायला जातात. पारिसाअण्णा सूर्याला शिव्या द्यायला जायचे. थंडीत तळ्यावर दाट धुकं उतरायचं. पलीकडचा काठ, झाडं, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी, सगळं गडप व्हायचं. अण्णा धोतराचा सोगा खोचून त्या धुक्याकडे एकटक बघत उभे राहायचे. पूर्वेला जरा तांबडं फुटलं की त्यांचा आवाज तळ्यावर घुमायचा, "आलं बघा बेनं! समदं पुसून टाकलं!"

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच म्हणताहेत, कारण मी नेमका त्याच दिशेनं येत होतो.

अण्णा आमचे घरमालक. मंगळवार पेठेत खाली ते आणि चंद्राक्का राहायचे, आणि वरच्या दोन खोल्यांत मी. शाळेत गणित शिकवायचो, म्हणून त्यांच्या तोंडी 'मास्तर'. अण्णांची गुळाची अडत होती. हंगामात पेढीसमोर बैलगाड्यांची रांग लागायची, ढेपा उतरायच्या, गुजरातेतून तारा यायच्या आणि अण्णा उभ्याउभ्या पुकारा करून सौदे तोडायचे. त्या धंद्यानं त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, तो आवाज. आणि दुसरी, तोंडभर किडके दात. कारण प्रत्येक ढेपेचा खडा मोडून चाखल्याशिवाय ते भाव बोलायचे नाहीत.

तर त्या दातांनीच घात केला. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. एक दाढ भयंकर ठणकू लागली म्हणून अण्णा लक्ष्मीपुरीतल्या चिनी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांचं नाव वांग. कोल्हापूरनं त्यांचं 'वांगे' केलं आणि त्यांनीही वाद न घालता पाटीवर तेच रंगवून घेतलं. मराठी ते रोग्यांकडूनच शिकले होते, त्यामुळे माझ्यापेक्षा त्यांचंच बोलणं अस्सल कोल्हापुरी. "आ करा पावणं. आजून मोठा. सौद्यात करताय तसा!"

अण्णांनी आ केला आणि समोरच्या भिंतीवर त्यांना एक चित्र दिसलं. काळ्या शाईत काढलेला डोंगर, त्याच्या कमरेला धुकं, खाली तांदळाएवढी होडी. बाकी सगळा कागद कोरा. दाढ निघाली, रक्त थांबलं, तरी अण्णांचं तोंड मिटेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढीच्या किल्ल्या पुतण्याच्या हातात ठेवल्या. "सांभाळ बाबा. मी आता चिनी चित्रं काढणार." पेठेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. गुंगीचं औषध डोक्यात चढलंय, उतरेल, असं सगळ्यांचं मत पडलं. ते काही उतरलं नाही.

वांगे डॉक्टर शिकवायला तयार नव्हते. "माझा दवाखाना हाय. दात दुखणाराच हितं बसतोय," ते म्हणाले. अण्णा म्हणाले, "मग माझं बाकीचं दात काय हसत्यात व्हय?" डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि सगळेच एकदम काढू म्हणाले. अण्णांनी ठाम नकार दिला. एकेक काढायचा, सावकाश. एका दातासाठी महिनाभर हेलपाटे घालायचे आणि प्रत्येक खेपेला त्या खुर्चीत बसून शिकून घ्यायचं. झाडं त्यांना एका सुळ्यात आली. पाण्याला दोन दात गेले. डोंगर मात्र अक्कलदाढेखेरीज जमेनात.

सगळ्यात पंचाईत केली बांबूनं. त्या चित्रकलेत म्हणे आधी बांबू घोटावा लागतो. अण्णांचा जन्म उसात गेलेला. त्यांनी काढलेला प्रत्येक बांबू पेरापेरानं जाड व्हायचा आणि शेंड्याला उसाच्या पानांचं वाढं डोलायचं. डॉक्टर कपाळाला हात लावायचे. "ह्यो बांबू न्हाय अण्णा. ह्यातनं रस गळतोय!" शेवटी त्यांनीच हार मानली. ऊस तर ऊस. चिनी पद्धतीचा ऊस काढणारा माणूस अख्ख्या चीनमध्ये नसेल, असं अण्णा मला छाती पुढे काढून सांगायचे.

ब्रशवर दाब किती द्यायचा हे डॉक्टरांना शब्दांत सांगता येईना. अण्णा म्हणाले, "रुमाल टाका." बाजारात भाव चारचौघांत बोलायचा नसला की रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. इथंही तेच सुरू झालं. रुमालाखाली डॉक्टर अण्णांची बोटं दाबायचे, इथं हलकं, इथं जोरात, इथं सोडून द्या. आणि अण्णा दुसऱ्या हातानं तसा ब्रश चालवायचे. दारात गाल धरून बसलेल्या रोग्यांना वाटायचं, दवाखाना विकायला काढलाय.

शाई संपली तेव्हा अण्णांनी गुऱ्हाळाच्या चुलाणातली काजळी आणून डिंकात घोटली. ब्रशला शेळीचे केस लागायचे. अण्णा जैन, तेव्हा घरात शंका निघाली. त्यांनी ती शेळीच अंगणात आणून बांधली. "ही बघा, जित्ती हाय. केस दिल्यात, जीव न्हाय दिला."

डॉक्टरांचा मुख्य धडा म्हणजे कागद मोकळा सोडायचा. तो अण्णांच्या अंगात इतका भिनला की "मोकळं सोडा की वो!" हे त्यांचं पालुपद झालं. अक्कांच्या रांगोळीला तेच, माझ्या फळ्यावरच्या गणिताला तेच. न्हाव्यालाही एकदा म्हणाले, आणि तो बिचारा ऐकणारा निघाला. पुढे दोन महिने अण्णांनी टोपी काढली नाही.

रंकाळ्यावर एका गवळ्याच्या म्हशीचं चित्र त्यांनी काढलं तेव्हा मी हजर होतो. गवळी कौतुकानं बघायला आला आणि हबकला.

"अण्णा, ही अर्धीच हाय की! मागलं कुठं गेलं?"

"धुक्यात हाय."

"अवो, पर दूध मागनंच येतंय न्हवं!"

अण्णा एवढे हसले की उरलेसुरले तीन दात स्पष्ट मोजता आले.

या सगळ्या गमतीत एक माणूस मात्र हसत नव्हतं. चंद्राक्का. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भरली पेढी का सोडली, त्ये मला खरं सांगा. तवर मी तुमचं एक चित्तर बघायची न्हाय." अण्णा थट्टेवारी न्यायचे. पण नवं चित्र झालं की ते चुलीसमोरच्या भिंतीवर टांगायचे आणि सकाळी ते भिंतीकडे तोंड करून लटकलेलं असायचं. आमच्या घरी येणाऱ्याला चित्रांच्या पाठीच तेवढ्या पाहायला मिळायच्या.

एकदा असंच एक चित्र सुलटं करताना अण्णांनी मला हळूच विचारलं, "मास्तर, उलटं फिरवताना तरी बघत आसंल का वो ती? एका डोळ्यानं?"

बघत असतील, असं मी म्हणालो. मला काय ठाऊक! पण त्यांचा चेहरा बघून दुसरं काही बोलवेना.

अखेर शेवटचा दातही गेला. अण्णा तोंडात कापसाचा बोळा दाबून घरी आले. सुजलेला गाल बघून अक्कांचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. मी पाण्याची घागर घेऊन जिन्याकडे निघालो होतो, तो तसाच थांबलो.

"तोंडाचं बोळकं करून घेतलंसा! काय कमी पडलं हुतं पेढीत? माझं काय चुकलं हुतं? एकदा बोला तरी!"

अण्णांना बोलता येत नव्हतं. ते आत गेले आणि ट्रंकेमागून कागदाची एक जाड गुंडाळी घेऊन आले. ही चित्रं त्यांनी कधी टांगलीच नव्हती. अक्कांनी ती हातात न घेता मान फिरवली. "मास्तर, तुमीच बघा, काय हाय त्ये सांगा."

काखेतली घागर सावरत मी गुंडाळी कशीबशी उलगडली. "अक्का, एक बाई आहे. चुलीपुढं बसलीय. पाठमोरी." दुसऱ्या कागदावर तीच बाई धुणं वाळत घालत होती, पाठमोरी. तिसऱ्यावर जात्यावर, तीही पाठमोरीच. शेवटच्या चित्रात मात्र तिनं तोंड वळवलं होतं. अंबाडा होता, कान होते, कपाळावर पदर होता. पण चेहऱ्याच्या जागी कागद कोरा. मी ते तसंच सांगितलं.

"तोंड का न्हाय?" अक्कांनी भिंतीकडेच बघत विचारलं.

अण्णांनी बोळा काढला. ओठांवर रक्त होतं. त्यांचा तो आवाज पार बसला होता.

"ठावं न्हाय म्हणून. तू म्हायेराहून, शिरोळासनं यायची हुतीस बघ, दाढ ठणकली त्या साली, ष्टँडवर मी आलतो तुला आणायला."

"आला न्हवता तुमी. मी टांगा करून आले."

"आलतो. दुसऱ्याच बाईची ट्रंक उचलली मी. चल म्हणालो तिला. ती वरडाय लागली तवा कळलं." त्यांनी ओठांवरचं रक्त पुसलं. "उजाडायच्या आत जात हुतो, कंदील लागल्यावर येत हुतो. तू चुलीकडं तोंड करून वाढायचीस, मी ताटात बघून खायाचो. इतकी वरसं! ढेप नुसती हातात घिऊन कुनाच्या रानातली हाय सांगत हुतो मी, आन् बायकू वळखली न्हाय. मग कुठल्या तोंडानं पेढीवर बसू? बघायला शिकावं म्हणलं आधी."

घागर माझ्या काखेत जड झाली होती, पण खाली ठेवायचं धाडस होईना. आणि खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

अक्कांनी डोळे पुसले आणि मागे वळल्या. माझ्या हातातला कागद घेतला आणि पहिल्यांदाच बघितला. खूप वेळ बघितला.

"कमरंत एवढी वाकल्याली न्हाय मी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पाट ओढत खिडकीपाशी उजेडात नेला, कपाळावरचा पदर मागे सारला आणि अण्णांकडे तोंड करून बसल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "हं. काढा आता."

अण्णा समोर जमिनीवर बसले. मी घागर खाली ठेवली आणि ब्रश आणि शाईची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आज ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आज नुसतं बघतो."