पिंगळीकरांचा वाफा

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपण गाव विचारतो, नोकरी विचारतो, फार तर मुलीकडचे की मुलाकडचे तेवढं विचारतो. पिंगळीकरकाका विचारायचे, "तुमच्या संडासाचं पाणी कुठं जातं?" तेही नेमकं जिलबी वाढायला आल्यावर. समोरचा गोंधळून म्हणायचा, "जातं की गटारात." झालं! काका पान पुढं सारायचे आणि आवाज चढवायचे. "आणि गटार कुठं जातं? माहीत न्हाई ना? शिकलेले माणसं तुमी! खामखा डिग्र्या घेतल्या!" पंगतीतली दोन-चार माणसं तेवढ्यात हात धुवायला उठून जायची.

मी सेलूला हायस्कुलात मास्तर होतो आणि आईला घेऊन काकांच्या घरामागच्या दोन खोल्यांत सात वर्षं भाड्यानं राहिलो. त्या सात वर्षांत मला या माणसाचा जेवढा राग आला, तेवढा आमच्या हेडमास्तरांचासुद्धा आला नाही. सकाळी संडासातून बाहेर पडावं तर हे दारात उभे. "किती पाणी टाकलं?" आता या प्रश्नाला भल्या माणसानं काय उत्तर द्यावं? मी म्हणायचो, "मोजलं नाही." "मोजायचं! बादली दिलीय, तिच्यावर तांबड्या रंगाची रेघ मारलीय. आंधळे आहात का?" फिनेल टाकायला बंदी. राखेला बंदी. एकदा पाहुण्यांच्या पोरानं आत पेरूचा देठ टाकला, तर काकांनी तो बांबूच्या चिमट्यानं बाहेर काढून आमच्या दारात कागदावर ठेवला होता.

काका पाटबंधाऱ्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले. शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं, त्यामुळं चिडले की मराठी अपुरी पडायची. त्यांनी अंगणात जे काय करून ठेवलं होतं त्याला ते 'इंतजाम' म्हणायचे. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पण पावसाळ्यात एकदा फुगली की पाण्याचा थेंब आत घेत नाही. शोषखड्डा खणला तर त्याचा हौद होतो. म्हणून काकांनी टाकीच्या पुढं आणखी एक लहान टाकी बांधली. मोठीत गाळ बसायचा, निवळलेलं पाणी लहानीत यायचं. लहानीत वनस्पती तुपाचा रिकामा डबा झाळून बंद करून तरंगत सोडलेला. पाणी चढलं की डबा वर यायचा, खटका दाबला जायचा, मोटर सुरू व्हायची आणि अंगणात कमरेएवढ्या उंच रचलेल्या वाळू-खडीच्या वाफ्यात भोकं पाडलेल्या नळ्यांमधून पाणी जायचं. डबा खाली आला की मोटर बंद.

"डोस द्यायचा," काका सांगायचे. "डाक्टर बाटलीभर औषध एकदम पाजतो का? न्हाई ना? वाळूला थोडं द्यायचं, पचू द्यायचं, मग पुन्हा थोडं." हे त्यांनी पोस्टमनला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, जिनिंगच्या मालकाला रस्त्यात थांबवून सांगितलं. मला किती वेळा सांगितलं त्याची गणतीच नाही. त्या वाफ्यावर पाय ठेवायची कोणाला परवानगी नव्हती. मांजर गेलं तरी काका चप्पल फेकायचे.

हे सगळं काकूंपायी होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. काकूंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. जुना संडास परसाच्या पार टोकाला. काकांनी काकूंच्या बाजेपासून नऊ पावलांवर नवा बांधला. पहिल्याच पावसाळ्यात शोषखड्डा भरला आणि संडास तुंबला. मग पाच दिवस मी आणि काका मिळून काकूंना खुर्चीत बसवून, डोक्यावर छत्री धरून, घोटाभर चिखलातून जुन्या संडासाकडं नेत होतो. काकू डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. त्यांचा मुलगा सुधाकर पुण्याला कारखान्यात होता. तो नेमका तेव्हा आला, त्यानं ती मिरवणूक पाहिली आणि म्हणाला, "बाबा, मी आईला घेऊन जातो." काका भडकले. "पुन्हा तुंबला तर खुशाल घेऊन जा! जबान देतो!" सुधाकरनं ते मनावर घेतलं. काकांनीही घेतलं. दुसऱ्या महिन्यात वाळूची पहिली गाडी अंगणात पडली.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आज बंद, उद्या मोर्चा, कुठल्या गावी काय जाळलं त्याच्या बातम्या. चहाच्या हॉटेलात आमच्यातलेच लोक मोठमोठ्यानं बोलायचे. एकदा एक वकील, टाकी उपसायला काका माणूस लावत नाहीत, स्वतः बांबूला बादली बांधून गाळ काढतात, यावरून हसला. "पिंगळीकर, हे काम करणारे लोक वेगळे असतात हो." काका कपबशी आपटून उठले. "का? घाण माझ्या घरची न्हाई का? आधी आपल्या टाकीचं झाकण सोता उचल, मग कोणाचं नाव कुठं द्यायचं त्याच्यावर तोंड उघड!" त्या दिवसापासून काकांकडं कोणी पाणी पिईनासं झालं. हळदीकुंकवाला काकूंकडं येणाऱ्या बायका बंद झाल्या. आणि यात माझी आईही होती, हे मी सांगून टाकतो. काकूंनी खिडकीतून पुढं केलेला लाडू ती पदरात घ्यायची आणि घरी आणून गाईला घालायची. मला ते दिसायचं. मी तिला एका शब्दानं बोललो नाही.

त्या वर्षी आमच्याकडं महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाला तीसेक माणसं. काका सकाळीच बनियनवर अंगणात हजर. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर ओरडले, "ऐका! एका माणसाला एक बादली! लय झालं तर दीड! आणि ज्याला थांबता येतंय त्यानं सरळ स्टेशनावर जावं!" माझे मेव्हणे हातात तांब्या घेऊन उभे होते, ते तसेच परत फिरले. माझं डोकं असं सणकलं की काय सांगू! एवढं बोलून काका दुपारच्या गाडीनं परभणीला निघून गेले, मोटरीचं वायसर आणायला.

आमच्या घरची रीत अशी की महालक्ष्मीच्या जेवणाचं उष्टं अंगणाबाहेर जाऊ द्यायचं नाही. पानं, खरकटं, उरलेली आमटी, सगळं अंगणातच खड्डा करून पुरायचं. आईनं माझ्या हातात कुदळ दिली. पावसानं सगळं अंगण लोण्यासारखं झालेलं, खणावं तिथं पाणी लागत होतं. कोरडी, भुसभुशीत जागा अंगणात एकच होती.

खोटं कशाला बोलू? मला माहीत होतं तो वाफा काय आहे. पण मेव्हण्यांचं तोंड डोळ्यांसमोर होतं. कोपऱ्यात खणलं तर काय बिघडतंय, असं मी मनाशी म्हणालो आणि कुदळ मारली. मध्येच कटकन काहीतरी वाजलं. मुळी असेल म्हटलं. अंगणात नावालाही झाड नव्हतं, पण मला मुळीच वाटली. तीस केळीची पानं, सोळा भाज्यांचं खरकटं आणि तपेलंभर कटाची आमटी त्या खड्ड्यात ओतून वर वाळू सारखी केली. दिवस मावळायच्या आत काम झालं आणि मला बरंही वाटलं.

काका रात्रीच्या गाडीनं परतले. सकाळी डबा वर आला, मोटर सुरू झाली आणि वाफ्याचा कोपरा फुटला. अंगणात पाणी, पाण्यात पुरण, पुरणावर केळीची पानं. काका बाहेर आले. त्यांनी एक पान उचललं, उलटसुलट करून पाहिलं. मग धावत जाऊन मोटर बंद केली आणि माझ्यापुढं उभे राहिले. मला वाटलं, आता हात उचलतात.

"सुधाकर दुपारच्या गाडीनं येतोय," ते म्हणाले. आधी एवढंच. मग मात्र सुरू झाले. "मास्तर म्हणे! पोरांना काय शिकवता तुमी? कुदळ मारायला शिकवता? मूर्ख! बेअक्कल! काढा ते सगळं! हातानं काढा!"

मी काढलं. सदरा काढून, कोपरापर्यंत हात घालून, काल दुपारी जेवलेलं सगळं बाहेर काढलं. आई ओट्यावरून म्हणाली, "अंगणाबाहेर टाकू नको रे." काका तिच्यावर गरजले, "तुमच्या लक्ष्मीचं राहू द्या अंगणात! माझी चाललीय घराबाहेर!" आईचं तोंड उतरलं. ती उठली आणि काकूंजवळ जाऊन बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्या घराच्या आत गेली होती.

नळी वीतभर फुटली होती. काकांनी तुकडा कापला, नव्या नळीचं तोंड स्टोव्हवर गरम करून रुंद केलं आणि जुनीवर बसवू लागले. घाईत ती वाकडीच बसायची. पुन्हा गरम करायची, पुन्हा बसवायची. मला शिव्या चालूच होत्या, आणि मी त्या खाली मान घालून ऐकत वाळू धूत होतो. भूक नव्हती, नुसती लाज वाटत होती.

सुधाकर आला तेव्हा आम्ही दोघं बरबटलेले होतो. त्याच्या हातात मोठी रिकामी बॅग होती; आईचे कपडे भरून न्यायला तो दर खेपेला ती आणायचा. ती हलकी आहे हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. तो अंगण बघत राहिला.

"बाबा, ठरलं होतं आपलं."

"तुंबला न्हाई," काका वर न बघता म्हणाले. "रिपेरी चाललीय."

"हे काय रिपेरी दिसतीय का? आईला असं किती दिवस ठेवायलात तुमी?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मीच खणलं."

"तू गप बस!" काका माझ्यावर ओरडले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला अरे-तुरे केलं होतं.

तेवढ्यात आई दारात आली. "पिंगळीकर," ती आत बाजेकडं हात करून म्हणाली, "यांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला न्हाई. मी चारदा पेला धरला. तोंड फिरवायल्यात. ओठ बघा कसे सुकलेत."

काकांच्या हातातून नळी पडली. त्यांनी हौदावर जाऊन साबणानं हात धुतले. कोपरापर्यंत, तीनदा. मग आत गेले. आम्ही दाराशी उभे राहिलो.

"पाणी का पीत न्हाईस?"

काकूंनी खिडकीतून दिसणाऱ्या वाफ्याकडं पाहिलं. मग दारातल्या सुधाकरकडं आणि त्याच्या बॅगेकडं. "बंद… हाय… ना," त्या म्हणाल्या. "पिलं… तर… जावं लागंल."

आणि काका जे ओरडले, तसं ते हॉटेलातही ओरडले नव्हते. "अगं, बंद कुठंय! मोटर बंद हाय! संडास चालू हाय! लहान टाकीत पूर्ण एका दिवसाची जागा ठेवलीय मी! मोटर जळो, लाइट जावो, दिवसभर तुला…" इथं त्यांचा आवाज फाटला. "तुझ्यासाठीच ठेवलीय की ती जागा."

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांना हे माहीतच नव्हतं. पोस्टमनला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं, सेलूतल्या प्रत्येक पंगतीला माहीत होतं. बायकोजवळ संडासाचा विषय कसा काढायचा, या संकोचानं या माणसानं तिला कधी सांगितलंच नव्हतं! मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तेवढीच दयाही.

काका खाली जमिनीवर बसले. मान वर न करता म्हणाले, "सुधाकर, घेऊन जा हिला. माझ्या घरात ही तहानलेली राहायलीय."

काकूंनी डावा हात पुढं केला. माझ्या आईनं पेला दिला. काकूंनी तो प्यायला. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते काकांनी पंच्यानं पुसलं. काकूंनी दुसरा मागितला, तोही संपवला. मग त्या सुधाकरला "न्हाई" म्हणाल्या, आणि काकांकडं वळून, "सांग… मला."

"काय सांगू?"

"ते… सगळं."

काकांनी एकदा आमच्याकडं पाहिलं. मग लाजत लाजत बाजेवर तांब्या ठेवला. "ही मोठी टाकी समज." शेजारी रिकामा पेला ठेवला. "ही लहान." उशी ओढली, "हा वाफा." आणि अगदी हळू आवाजात, एकदाही न ओरडता, पहिल्यापासून सांगू लागले. सुधाकरनं वाटेतली बॅग उचलून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मला खुणेनंच विचारलं, वाळू कुठं टाकायची. आम्ही घमेली भरायला लागलो.

खिडकीतून काकूंचा आवाज आला. एकेक शब्द जुळवत त्या विचारत होत्या, "दोन दिवस… लाइट… आलीच न्हाई… तर?"

एवढ्या वर्षांत काकांना हे कोणीच विचारलं नव्हतं.

"थांब हं," काका म्हणाले, "सांगतो," आणि त्यांनी आणखी एक वाटी मागवली.