तांब्याचं ताट आणि तापलेली गाडी

शौकत मास्तरांच्या गाडीला दृष्ट लागली होती, आणि ती बहगतचीच होती. याबद्दल मास्तरांना तीळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बाकी साऱ्या जगाबद्दल.

झालं होतं असं. मास्तरांचा मेव्हणा बहगत एका दुपारी नवीकोरी गाडी घेऊन इजिप्तमधल्या तंता गावी मास्तरांकडे आला. मास्तरांच्या चाळीस वर्षांच्या पांढऱ्या गाडीवर थाप मारून म्हणाला, "म्हातारी अजून घोडीसारखी पळते की!" एवढं म्हणाला आणि गप्प बसला. माशाल्ला नाही, काही नाही! अहो, तंतात शेजारणीच्या मांजराला गोड म्हणायचं झालं तरी दृष्ट लागू नये म्हणून लोक आधी माशाल्ला म्हणतात. दुसऱ्याच दिवशी गाडी तापली आणि तापमानाचा काटा लाल रेघेला जाऊन भिडला.

"तीन आठवड्यांवर शैमाचं लग्न आलंय," मास्तर बायकोला म्हणाले. "लेक जन्मली त्या दिवशी मी शपथ घेतलीय, हिला हॉलवर माझ्याच गाडीतून नेणार. तुझ्या भावाला ते बघवत नाही."

"माझा भाऊ काय इंजिनात शिरला होता, अबू शैमा?" नगवा फणकारली. अबू शैमा म्हणजे शैमाचा बाप; घरात मास्तरांना हीच हाक. पण भावाचे डोळे जरा हिरवट आहेत आणि असल्या डोळ्यांची दृष्ट चटकन लागते, हे तिलाही ठाऊक होतं. तिने माळ्यावरून आईचं तांब्याचं ताट काढलं. ताट कसलं, परातच ती! दृष्ट परतवायला तिच्यावर भला मोठा निळा डोळा रंगवला आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर करकचून बांधून टाकली.

मग मास्तर उस्ता फतूहच्या, म्हणजे फतूह मिस्त्रीच्या गॅरेजात गेले. जाताना ताट सोडून घरी ठेवलं. तांबं आणि मेकॅनिक एका जागी आणू नयेत, असं त्यांचं मत होतं.

"पंख्याचा पट्टा सैल पडलाय," फतूह म्हणाला. "या वयात माझाही पडलाय, मास्तर." त्याने पट्टा आवळला. गावाला दोन चकरा मारल्या, तरी काटा जागचा हलला नाही. मास्तर घरी आले, ताट बांधलं, पाव आणायला निघाले आणि काटा पुन्हा लाल!

दुसऱ्या खेपेला मास्तर पेन्सिल घेऊन गेले. फतूहने पार्ट बदलू नयेत म्हणून एकेका पार्टवर खूण केली आणि स्टूल टाकून समोरच बसले.

"परीक्षेला बसवल्यासारखं वाटतंय," फतूह घाम पुसत म्हणाला.

"कॉपी करू नकोस म्हणजे झालं."

फतूहने पाणी बघितलं, पाइप बघितले, थर्मोस्टॅट नवा घातला. गाडी थंडगार. घरी आले, ताट बांधलं, पुन्हा तेच! मास्तरांनी जाळीवर आणखी एक निळा पंजा आणि शैमाचे लहानपणीचे बूट लटकवले. आता त्यांना वेगळाच वास येऊ लागला. बहगतने त्या फतूहला चहा पाजला असणार!

म्हणूनच लग्नाचं आमंत्रण त्यांनी फतूहलाही दिलं. डोळ्यांसमोर तरी राहील. तर तो आला बहगतच्याच गाडीत बसून! कट उघडाच पडला.

ऑगस्टची दुपार. कालव्याच्या रस्त्याला लागताच काटा चढला. इंजिनाची आग ओढून घ्यायला मास्तरांनी आतला हीटर फुल्ल सोडला.

"बाबा, काजळ हनुवटीवर आलं!" शैमा ओरडली.

"हॉलमध्ये पूस."

पुलावर बॉनेटमधून अशी वाफ निघाली, की कालव्यातली बदकं आगगाडी आली म्हणून पळाली. बहगत धावत आला. "ये पोरी, मामाच्या गाडीत. आधी एसी वाढवतो," म्हणून तसाच परत पळाला. शैमाने एक पाय बाहेर ठेवला. मास्तर त्या पायाकडे बघत राहिले.

तेवढ्यात फतूह पुढे आला. गाडीच्या तोंडाकडे बघत तो थबकला.

"मास्तर, हे ताट कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"आणि माझ्याकडे यायचात तेव्हा?"

मास्तर आभाळाकडे बघू लागले.

"घरी ठेवायचे," नगवा म्हणाली. "तू चोरशील म्हणून."

"अहो, इंजिनाला वारा लागतो तो इथूनच! तुम्ही बिचारीचं नाकच बांधून ठेवलंत!"

फतूहने दोरी कापली. ताट एवढं तापलं होतं, की बहगतच्या बायकोने त्यावर दोन पाव गरम करून पोरांना दिले. गाडी निवू दिली, बेताबेताने पाणी भरलं, चावी फिरवली. काटा मध्यावर येऊन शहाण्या पोरासारखा थांबला.

"शैमा," मास्तर हळूच म्हणाले, "पाय आत घे."

तिने घेतला. हॉलवर तासभर उशिरा पोचले, पण कुणाच्या लक्षातही आलं नाही. नवरदेवच अजून यायचा होता.

जेवणाच्या वेळी बहगतने मास्तरांना कोपऱ्यात गाठलं. "अबू शैमा, बायको म्हणते ताट विस्तवासारखं तापलं होतं. ते कशाने?"

मास्तरांनी फतूहकडे पाहिलं. त्याचं तोंड भाताने भरलेलं होतं.

"तांबं उगाच तापत नाही, बहगत. कुणाचा तरी डोळा होता."

बहगतचा चेहरा उतरला. "माझ्याही गाडीकडे लोक फार बघतात हो. ते ताट मला द्याल?"

"तुझ्यासाठी जीव देईन!" म्हणत मास्तरांनी स्वतः वाकून ताट त्याच्या गाडीला बांधलं. दुहेरी गाठ मारून.

सोमवारी फतूहच्या गॅरेजसमोर एक नवीकोरी गाडी फुसफुसत येऊन उभी राहिली. पुढे ताट नव्हतं. जाळीवर दोरीचे वळ मात्र ताजे होते. फतूहने ते नीट न्याहाळले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, बहगतसाहेब. पेन्सिल आणलीत ना?"