आजोबांच्या भिंतीसाठी सावल्या

"मी घरातल्या सगळ्यांच्या सावल्या कापणार!" धाकटीनं जाहीर केलं, तेव्हा तिच्या हातात कात्री होती. त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

बेत झकास होता! आजोबांना हल्ली चेहरे दिसत नसत. पण उजेडासमोर कोणी उभं राहिलं, की नुसत्या काळ्या आकृतीवरून ते माणूस बिनचूक ओळखायचे. उद्या सकाळी ते वृद्धाश्रमात जाणार होते. घर सुतकी झालेलं. जो तो दुसऱ्याची नजर चुकवत होता. निदान तिथल्या भिंतीवर तरी आपली माणसं नकोत? दिव्यासमोर माणूस बसवायचा, भिंतीवरच्या कागदावर सावली गिरवायची, काळ्या कागदातून कापायची आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर डकवायची. त्यात काय मोठंसं!

पहिला घोळ आत्यानं घातला.

"अगं, ही दुसरी हनुवटी कोणाची?"

"तुझीच, आत्या."

"मग चालव की कात्री! कायमचं भिंतीवर राहायचंय मला."

हनुवटी उडाली. ते बघून बाबा नाकाची घासाघीस करायला बसले.

"जरा सरळ कर."

"अहो बाबा, आजोबा तुम्हाला नाकावरूनच ओळखतात!"

"म्हणूनच म्हणतोय!"

आईला अंबाडा भरघोस हवा होता. दादाला तर अजून न फुटलेली मिशी हवी होती! धाकटी पडली भिडस्त. नाही म्हणणार कोणाला? शिवाय स्वतःचे पुढे आलेले दात तिनं आधीच गुपचूप आत ढकलले होते.

सकाळी आजोबांनी एकेक पुठ्ठा खिडकीच्या उजेडात धरला.

"ह्या बाई कोण? नटी दिसतायत."

आत्या क्षणभर खुलली, आणि मग तिनं भोकाडच पसरलं.

"आणि हे गृहस्थ? कोणी पुढारी?"

बाबा चपलेचा अंगठा न्याहाळत राहिले.

"ही मुलगी मात्र गोड आहे हो! कोणाची?"

धाकटीनं कात्री उचलली. "आजोबा, आम्हीच आहोत हे सगळे! थांबा, मी पुन्हा कापते! आहे तसे कापते!"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"राहू दे गं." आजोबांनी चाचपडत सगळे पुठ्ठे पिशवीत सरकवले. "तिथे सगळी अनोळखीच माणसं असणार. यांची निदान आतापासून सवय होईल!"