चिमाक्काचं पहिल्या नंबराचं पान

एका जंगलात, बाळांनो, खायचा पाला लावायलाच बंदी झाली.

झालं असं, की सिंहीण राणीसाहेब परमुलखात जाऊन आल्या. तिथल्या बागा त्यांनी पाहिल्या. सुपाएवढाली पानं, तांबडी, जांभळी, ठिपक्यांची. आल्या आल्या दवंडी पिटवली, "ज्याच्या दारात खायची भाजी दिसेल, त्याचं बीळ काढून घेऊ. पान बघायचं असतं!"

त्यांचं काय जातंय? त्या कुठं पाला खातात!

झालं. मेथी उपटली, शेपू उपटला. दारोदार क्रोटन आलं. जंगल नटलं लग्नघरासारखं, आणि पोटं गेली पाठीला.

ओढ्याकाठी चिमाक्का सशीण राहायची. पदरात सहा पिल्लं. दारात सांडपाण्यावर माजलेलं अळू. चिंच घालून त्याचं फदफदं केलं, की सहाही तोंडं गप्प. ते अळू तिच्यानं उपटवेना.

शेजारची खार म्हणाली, "अगं, उद्या तपासणी आहे, पानांचे नंबरही काढणार आहेत. उपट ती भाजी! बीळ गेलं तर सहा पोरं घेऊन कुठं जाशील?"

"उपटते की. मग पोरांना तुझ्याकडं जेवायला धाडू?"

खार झाडावर पळाली.

चिमाक्कानं चुना कालवला, गेरू कालवला. इवलीशी शेपटी बुडवून पानापानावर ठिपके मारले.

दुसऱ्या दिवशी राणीसाहेब आल्या. बरोबर तपासनीस दौलतराव सांबर, तीन दिवसांचे उपाशी.

"हे गं काय?"

"परदेशी आहे, राणीसाहेब. फदफदिया म्हणतात त्याला."

दौलतरावांचं नाक फुरफुरलं. राणीसाहेब पाठमोऱ्या झाल्या मात्र, सांबरानं अख्खं पान तोंडात कोंबलं. कच्चं!

कच्चं अळू घशात काय करतं, ते ज्यानं खाल्लंय त्यालाच विचारा. दौलतरावांचा घसा खाजला, सुजला, मिटला. डोळ्यांतून धारा लागल्या. चिमाक्काचा जीव कानाच्या टोकाला आला.

राणीसाहेब वळल्या. "दौलतराव, रडताय?"

खाल्लं म्हणावं तर नोकरी जाते. दौलतरावांनी नुसती मान डोलावली.

"आहाहा! पान पाहून डोळे भरून आले! पहिला नंबर!"

हार घातला, टाळ्या वाजल्या. बीळ वाचलं. चिमाक्कानं आनंदानं चिंच भिजत घातली आणि पानं कापायला बाहेर आली. बघते तर अळूभोवती काटेरी कुंपण, आणि पहाऱ्याला लांडगा.

"लांडगेदादा, चार पानं काढून घेते हं."

"मागं सर, आक्का. राज्याचं मानाचं झाड आहे. हात लावायचा नाही."

"अरे मेल्या, मी लावलंय ते!"

"म्हणून तर हार तुला घातला."

मागून धाकटं पिल्लू आलं. "आये, जेवायला काय?"

चिमाक्कानं गळ्यातला हार काढला. झेंडूचा होता. त्याचे सहा वाटे केले.

तात्पर्य: शक्तीपेक्षा युक्ती थोर, हे खरं. पण युक्ती बेतानं करावी, बाळांनो. फसली तर घर जातं, आणि पहिला नंबर आला तर जेवण जातं. शहाण्यानं उत्तेजनार्थ बक्षिसावर थांबावं.