चाचाच्या पेन्शनची बेल

आधी हे सांगू द्या, नाईतर माह्या पोटात राहणार नाई! मी आत्ता बँकेच्या बाकड्यावर बसून टाईप करून राह्यली. बाजूले रहीमचाचा हायेत अन् साहेब जेवाले गेले.

रहीमचाचा म्हंजे आमचे शेजारी. एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाले, पन बेल तोंडातून गेली नाई. थांबाचं असलं का 'टिंग', निघाचं असलं का 'टिंग टिंग'. चहा संपला, टिंग टिंग. ताईच्या लग्नात पाहुण्याचं भाषण लांबलं, तं मांडवातून जोरात, 'टिंग!' पाहुणे खरंच थांबले. मागच्या हिवाळ्यात चाची वारल्या, तवापासून ते मलेच बेल ऐकवतात.

पेन्शनवाल्याइले दरसाल बँकेत जाऊन दाखवा लागते का आपन जिवंत हावोत. मशीनवर अंगठा ठेवाचा. अन् चाचाचा अंगठा उमटतच नाई! जन्मभर थुंकी लावू लावू टिकटं फाडली, रेघाच घासून गेल्या.

साहेब मान वर न करता म्हनते, "मशीन घेत नाई. उद्या या."

"साहेब, मी समोर उभा हावो ना!"

"मले दिसता. मशीनले दिसत नाई."

असे किती उद्या झाले! तीन महिने पेन्शन बंद. चाचा बीपीची गोळी अर्धी तोडून खातात. मले समजलं तं माहं डोकंच फिरलं. म्हटलं, "चाचा, सोडा हे बँक! नवीन बँकेत चेहरा दाखवला का काम होते."

"म्हंजे गाडी बदलाची म्हनतं, बेटा?"

"हो!"

"टिंग टिंग!"

काल गेलो. काचेचं दार, थंडगार हवा. तिथली मॅडम 'सर' म्हनली, तं चाचानं मागं वळून पाह्यलं का कोन आलं. चेहरा पयल्याच झटक्यात जुळला! चाचा मशीनले म्हनले, "शुक्रिया."

फॉर्म भरत आला होता. मॅडमनं जुनं पासबुक उघडलं. "सर, यावर दोघांचा फोटो आहे. मॅडमनाही घेऊन या."

मीच हळूच म्हटलं, "चाची वारल्या."

"ओह, सॉरी. मग खातं एकट्याच्या नावानं उघडू. जुन्या खात्यातून त्यांचं नाव कमी करायचा हा अर्ज, तो आम्ही तुमच्या बँकेला पाठवू. इथं सही करा."

चाचानं पेन घेतला. पासबुकातल्या फोटोकडं पाह्यलं. त्या फोटोत चाची हसून राह्यल्या, कारन स्टुडिओवाला एक-दोन-तीन म्हनाच्या आधीच चाचानं टिंग केलं होतं. ते मले चाचीनं कितीदा सांगितलं.

"त्या बँकेले अजून मालूम नाई, बेटा," चाचा म्हनले. "तिथं चाची हाये."

पेन खाली ठेवला. पासबुक खिशात घातलं.

"टिंग."

एकच.

म्हून आज पुन्हा इथं. साहेबाचं जेवन सरत नाई, अन् चाचा रुमालानं अंगठा पुसून राह्यले, पुन्हा पुन्हा, जशा रेघा वर येतीन. उद्या गोळीचं काय करावं, मले सुचत नाई. मले राग बी येते अन् रडू बी.

तुमच्या घरचं कोनी असं, होत आलेलं काम सोडून उठलं काय? मंग तुमी त्याइले काय म्हटलं? सांगा ना.